थोरल्या मशिनचा मान

सिद्दीकचं मशिन कधी बिघडत नसे. म्हणजे असं सिद्दीक स्वतः सांगत असे, आणि सांगताना चेहरा इतका सरळ ठेवी की शंका घेणाऱ्यालाच पाप लागेल असं वाटावं. शिरूरला एसटी स्टँडच्या मागे त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि आतडी बाहेर काढून ठेवलेले सात-आठ कॉम्प्युटर.

“ही सगळी दुसऱ्यांनी बसवलेली,” तो गिऱ्हाइकाला दाखवी. “आपलं एकबी परत येत न्हाई. आपण लिनक्स टाकतो. व्हायरस न्हाई, लायसनची कटकट न्हाई. माणूस म्हातारा होईल, पण मशिन तसंच राहील.”

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी फुकट सिस्टीम, ती त्याला एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून मिळाली होती. बाकीचं ज्ञान त्याने रात्री जागून आणि दोन हार्डडिस्क घालवून मिळवलं, हे तो सांगत नसे. कुणाच्या शिकण्यात काय काय जळालं हे कोण विचारतो? ही गोष्ट दोन हजार आठ सालची. तेव्हा तालुक्यात लिनक्स हा शब्द नीट उच्चारणारा माणूसही विरळाच होता, त्यामुळे सिद्दीकला कुणी खोडून काढण्याची भीती नव्हती.

त्याचं आजोळ वरवंड. त्याची आई रजिया तिथली. गावाबाहेर कॅनॉलच्या अलीकडे एक छोटीशी दूध संस्था होती, आणि तिचे चेअरमन पोपटराव, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, ते कॉम्प्युटर घ्यावा की घेऊ नये ह्या विचारात वर्षभर अडकले होते. सिद्दीक चार वेळा जाऊन आला. आबा चार वेळा “बघू” म्हणाले. पाचव्या वेळी तिथे वच्छलाबाई आपली किटली घेऊन दूध घालायला आल्या होत्या.

“घ्या की त्याचं मशिन,” त्या आबांना म्हणाल्या. “रजियाचं पोरगं हाय. सुट्टीला यायचं तवा माझ्याच म्हशीच्या दुधावर वाढलंय. ते खोटं मशिन बसवायचं न्हाई.”

झालं, आबांची मान हलली. कारण वच्छलाबाईंचा शब्द त्या संस्थेत देवाच्या कौलासारखा होता. संस्थेच्या पहिल्या दिवसापासून त्या दूध घालत होत्या आणि इतक्या वर्षांत त्यांच्या दुधात पाण्याचा थेंब निघाला नव्हता. दूध तपासायचं नवीन उपकरण आलं, की आधी ते वच्छलाबाईंच्या दुधात बुडवून बघायचे. दुधाची परीक्षा नव्हे, उपकरणाची. आता म्हातारपणी त्यांच्याकडे एकच म्हैस उरली होती, तीही आटत आलेली. रोज सकाळी सव्वा लिटर दूध त्या छोट्या किटलीतून आणायच्या, पण आणायच्या अशा ऐटीत की टँकरला मागे सरावं लागे.

तर सिद्दीकने मशिन बसवलं. त्यात अवघड काही नव्हतं. दूध मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि दुधातला स्निग्धांश बघायचं फॅटचं मशिन, ह्या दोघांच्या वायरी कॉम्प्युटरला जोडायच्या. काट्याने लिटर सांगायचे, दुसऱ्याने फॅट सांगायची, आणि दोन्ही आकडे पावतीवर छापून बाहेर. ह्या वायरी मात्र जुन्या धाटणीच्या, जाड पिनांच्या, आणि कॉम्प्युटरला होती नुसती यूएसबीची भोकं. म्हणून सिद्दीकने पुण्याहून दोन कन्व्हर्टर आणले. एका खोक्यातले, एका रंगाचे, एका किमतीचे. लिनक्सला त्यांच्यात काही फरक दिसेना. कंपनीने त्यांच्यावर साधा नंबरही घातला नव्हता. तेव्हा लिनक्सने आपली सोय बघितली. मशिन चालू असताना जो कन्व्हर्टर आधी खोचला जाईल त्याला नाव शून्य, मागून येईल त्याचं नाव एक. सिद्दीकने प्रोग्रामला सांगून ठेवलं होतं की शून्य म्हणजे काटा आणि एक म्हणजे फॅट.

एकदा खोचलेल्या वायरी तशाच राहिल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण संस्थेत उंदीर होते. सेक्रेटरी साहेबराव रोज काम झालं की दोन्ही वायरी काढून खुंटीला टांगायचे आणि पुढच्या वेळी मशिन चालू करून परत लावायचे. ह्यावर कायमचा उपाय होता. चार ओळींचा नियम लिहून ठेवायचा. सिद्दीकला तो माहीतही होता. पण त्या दिवशी संध्याकाळ झाली होती आणि चौफुल्यावरून न्हावऱ्याला जाणारा रस्ता सगळा खड्ड्यांचा. त्याने काट्याच्या वायरीला लाल दोरा बांधला.

“आप्पा, आधी लाल दोऱ्याची वायर, मग दुसरी. एवढंच ध्यानात ठेवा.”

“एवढंच ना?” साहेबराव म्हणाले. आणि पाच महिने त्यांनी ते खरोखर ध्यानात ठेवलं. मशिनचा बोलबाला इतका झाला की आसपासच्या सहा संस्थांचे चेअरमन दसऱ्याच्या दिवशी ते बघायला यायचे ठरले. सहा संस्था म्हणजे सहा मशिनं. सिद्दीकने नवीन शर्ट शिवायला टाकला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला सकाळी नऊच्या सुमाराला साहेबरावांचा फोन आला. सिद्दीक तेव्हा दुकानाच्या दारात उभा होता. शेजारचा गॅरेजवाला आपल्या पान्या-स्क्रूड्रायव्हरांची पूजा करून उरलेला झेंडूचा हार सिद्दीकच्या मॉनिटरला घालत होता.

“सिद्दीक, मशिन एकदम झकास चाललंय बघ.”

“मग फोन कशापायी केला, आप्पा?”

“आरं, अभिनंदनाला. तुझ्या मशिननं आज चोर धरला. दुधात पाणी. साधं न्हाई, सात लिटर पाणी.”

सिद्दीकची छाती दोन इंच फुगली. “मी म्हणलं नव्हतं? कोण हाय?”

“वच्छलाबाई,” साहेबराव म्हणाले.

फुगलेली छाती तिथल्या तिथे बसली. गॅरेजवाला विचारत होता की हार डावीकडे लोंबतोय का, पण सिद्दीकने मोटारसायकलला किक मारली होती. न्हावऱ्याच्या खड्ड्यांतून तो त्या दिवशी असा गेला की पुढे आठ दिवस त्याला खुर्चीत बसताना उशी लागत होती.

तो पोचला तेव्हा संस्थेपुढे जत्रा भरली होती. एरवी साडेआठला दूध घालून पांगणारी माणसं दहा वाजले तरी हललेली नव्हती. दाराच्या पायरीवर वच्छलाबाई बसल्या होत्या, मांडीवर रिकामी किटली. कुणी आत जायला लागलं की त्या किटली पुढे करायच्या.

“हिच्यात आठ लिटर घालून दाखव, मग आत जा.”

माणसं बाजूने वळसा घेऊन आत जात होती. सिद्दीकला बघून मात्र त्यांनी किटली पुढे केली नाही. नुसतं बघितलं. त्याला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आत आबा, साहेबराव आणि दूध ओतून घेणारे हौशीराम उभे होते. हौशीराम पन्नाशीचे, बाहेरच्या पडवीत काट्यापाशी बसून दूध ओतून घ्यायचे. कॉम्प्युटर आतल्या खोलीत. ओतणाऱ्याला पावती दिसत नसे आणि पावती बघणाऱ्याला किटली दिसत नसे. साहेबरावांनी पावती पुढे केली.

“बघ. रोज काकूंचं दूध सव्वा लिटर, फॅट आठच्या पुढं. आज दूध आठ पॉइंट चार, फॅट एक पॉइंट दोन. दूध सातपट वाढलं, फॅट सातपट उतरली. हिशोब कसा कातरल्यावानी बसतोय. पाणी घातल्याबिगर आसं व्हतं व्हय?”

सिद्दीकने आकड्यांकडे बघितलं. हिशोब खरोखरच बसत होता. “हौशीराम मामा, तुम्ही ओतून घेतलं ना? किती व्हतं?”

“मी मोजत न्हाई बाबा,” हौशीराम म्हणाले. “मोजायला मशिन हाय. आदी मी मोजायचो, तवा साहेबराव म्हणायचा तुला कळत न्हाई.”

“आन् किटली एवढीशी हाय,” सिद्दीक म्हणाला. “तिच्यात आठ लिटर बसंल कसं?”

ह्यावर आबांनी घसा साफ केला. त्यांनी सकाळपासून विचार करून उत्तर तयार ठेवलं होतं. “चार-पाच खेपा केल्या असतील,” ते म्हणाले. “म्हाताऱ्या माणसाला उद्योग काय असतो सकाळच्या पारी?”

पडवीत तोवर खेपांची संख्या बारापर्यंत गेली होती. कुणीतरी म्हणालं की बाईंनी मोटर चालू केलेली आपण स्वतः ऐकली. कुणीतरी म्हणालं की वीस वर्षांपासून हेच चाललंय, नुसतं मशिन नव्हतं म्हणून सापडलं नाही. आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला गिताबाईंभोवती वेगळाच घोळका होता. त्यांच्या जर्सी गाईच्या दुधाला आज चौदा फॅट लागली होती. चौदा. गाईला चार लागली तरी लोक पेढे वाटतात. गिताबाई सगळ्यांना सांगत होत्या की विशेष काही नाही, आपला घरचा घास आहे आणि वर थोडा गूळ. दोघांनी कालवडीसाठी शब्द टाकून ठेवला होता.

सिद्दीकला तिथेच उमगायला हवं होतं, पण सहा चेअरमन डोक्यात असले की माणसाला दिसतं ते कळत नाही. त्याने आधी व्होल्टेजला दोष दिला. व्होल्टेज बरोबर निघालं. मग प्रिंटरला दोष दिला. प्रिंटर बिचारा सांगतील ते छापत होता. मग त्याने सगळ्या कॉम्प्युटरवाल्यांचं शेवटचं अस्त्र काढलं. मशिन बंद केलं, दहा आकडे मोजले आणि चालू केलं.

“मामा, थोडं दूध ओता. चाचणी करू.”

हौशीरामांनी कॅनमधून दोनेक लिटर दूध मोजायच्या भांड्यात घेतलं. नमुना फॅटच्या मशिनमध्ये गेला. सगळे प्रिंटरवर वाकले. पावती आली. दूध दोन पॉइंट एक, फॅट सहा पॉइंट तीन. एकदम बरोबर. पुन्हा केलं, पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदाही बरोबर.

“मशिन व्यवस्थित हाय,” साहेबराव दारातून पडवीला ओरडले. “सिद्दीकनं शिरूरवरनं येऊन तीन डाव तपासलं!”

पडवीत सुस्कारा सुटला. झालं, शिक्कामोर्तब. ज्याने मशिन केलं त्यानेच तपासलं, आता आणखी काय पाहिजे? सिद्दीक पावती हातात धरून उभा राहिला. त्याने वच्छलाबाईंना सोडवायला पन्नास किलोमीटर मोटारसायकल दामटली होती आणि येऊन त्यांचा गुन्हा तेवढा पक्का करून ठेवला होता.

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “उद्या सहा जण येणार हायेत. मी सांगतो त्यांना, आमच्या मशिननं घरच्या माणसालाबी सोडलं न्हाई. तू जा आता निवांत.”

जाता आलं असतं. मशिन चालत होतं. मोटारसायकल दारात होती. खोटं एक अक्षर बोलायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. सिद्दीक पायरीपर्यंत आला. वच्छलाबाई उठल्या होत्या आणि पदराने किटली पुसत होत्या.

“तुझं मशिन बरुबर हाय ना?” त्यांनी विचारलं.

“व्हय, मावशी. तसं दिसतंय.”

“मग झालं. तुझं चांगलं व्हऊंदे. मी उद्यापास्नं दूध घालायची न्हाई. रजियाला सांग, म्हशीला गिऱ्हाईक बघतीया म्हणून.”

त्या रागावून बोलल्या असत्या तर सिद्दीक घरी गेला असता. पण त्यांनी त्याचंच चांगलं चिंतलं, आणि त्याला लहानपणी ह्याच पायरीसारख्या एका पायरीवर बसून प्यालेलं, मिशा उमटवणारं दूध आठवलं. त्या दुधात पाणी असतं तर त्याची उंची एवढी झालीच नसती. तो तसाच मागे फिरला.

“आबा, थांबा. आप्पा, तुम्ही सकाळपास्नं काय काय केलं ते मला सांगा. पहिल्यापास्नं सांगा.”

साहेबराव पहिल्यापासून म्हणजे खरोखर पहिल्यापासून सांगायला लागले. पहाटे उठले, मशेरी लावली, विहिरीवर आंघोळ केली, बायकोने चहात साखर कमी घातली ते बोलले. सिद्दीकने दातावर दात ठेवून ऐकलं. मग साहेबराव संस्थेत आले, मशिन चालू केलं.

“मग पूजा. खंडेनवमी न्हवं? समदी अवजारं पुसून घेतली. काट्याला हार घातला, फॅटच्या मशिनला हार घातला. काचंवर हळदीकुंकू लावलं.”

सिद्दीकने पडवीत डोकावून बघितलं. काट्याची आकडे दाखवायची काच झेंडूच्या हाराखाली आणि हळदीकुंकवाच्या लेपाखाली पार बुजून गेली होती. सकाळपासून काटा खरा आकडा दाखवत होता, पण तो बघायला देवाचीच नजर हवी होती.

“मग वायरी लावल्या,” साहेबराव पुढे म्हणाले. “आदी फॅटची, मग काट्याची. आन् नारळ फोडला.”

“आधी कुठली?”

“फॅटची.”

“आप्पा, मी काय सांगितलं व्हतं? आधी लाल दोरा!”

“ते रोजचं,” साहेबराव शांतपणे म्हणाले. “सणाचं येगळं. फॅटचं मशिन संस्थेत पंधरा वर्सांपास्नं हाय. काटा आला परवाच्या साली. थोरला समोर बसलेला आसताना धाकट्याला आदी ओवाळायचं व्हय? लोक काय म्हणतील?”

आबांनीही मान डोलावली. त्यात चुकीचं काही आहे असं त्यांना वाटेना. सिद्दीक मटकन स्टुलावर बसला. थोरल्याला आधी मान मिळाला, लिनक्सने त्याला शून्य म्हटलं, आणि प्रोग्राम बिचारा सकाळभर लिटरला फॅट आणि फॅटला लिटर समजत बसला. बाकीच्यांचं म्हशीचं दूध सहा-सात लिटर आणि फॅटही सहा-सात, त्यामुळे आकड्यांची अदलाबदल झालेली कुणाला कळली नाही. कळली ती ज्यांचं दूध फार थोडं होतं त्यांच्यात, आणि ज्यांचं फार जास्त होतं त्यांच्यात. नंतर सिद्दीकने मशिन बंद करून चालू केलं, तेव्हा दोन्ही वायरी लावलेल्याच होत्या. चालू होताना त्या मशिनला उजव्या भोकापासून मोजायची सवय होती, आणि उजव्या भोकात होता काटा. दुखणं औषधाच्या नुसत्या वासाने पळालं होतं, आणि डॉक्टरने सर्टिफिकेट देऊन टाकलं होतं.

“आबा,” तो उठून म्हणाला, “तुमच्या घरचं चहाचं दूध मागवा. सव्वा लिटर. आन् सगळ्यांना आत बोलवा. मावशी, तुमची किटली द्या.”

दूध आलं. सिद्दीकने ते सगळ्यांदेखत वच्छलाबाईंच्या किटलीत ओतलं. काठोकाठ भरली. मग दोन्ही वायरी काढल्या, आधी फॅटची खोचली, मग लाल दोऱ्याची. हौशीरामांनी किटली काट्यावरच्या भांड्यात रिकामी केली. आणि पावती छापून बाहेर आली ती सिद्दीकने स्वतः न वाचता साहेबरावांच्या हातात दिली.

साहेबरावांनी वाचली. मग आबांकडे बघितलं. मग पुन्हा वाचली.

“वाच की,” आबा म्हणाले.

“दूध सात पॉइंट चार,” साहेबराव हळू आवाजात म्हणाले. “फॅट एक पॉइंट तीन.”

“म्हंजी?”

“म्हंजी आबा, तुमच्या घरच्या दुधात सहा लिटर पाणी हाय.”

पडवीतून कुणीतरी विचारलं की आबांनी खेपा किती केल्या. सिद्दीकने पडवीत येऊन काट्यावरचा हार बाजूला केला, काच बोटाने पुसली, आणि सगळ्यांना खाली लाल अक्षरात चमकणारा आकडा दाखवला. एक पॉइंट तीन. मग तो तिथेच सगळ्यांच्या मधोमध उभा राहिला, कारण हे आत बोलून भागणार नव्हतं.

“ऐका सगळ्यांनी. मावशींच्या दुधात पाणी न्हाई. मशिन खोटं बोललं. आन् मशिनचाबी दोष न्हाई, त्याला शिकवताना मी आळस केला. चार ओळी लिहायच्या व्हत्या, त्या लिहिल्या न्हाईत. चूक माझी हाय.”

हे बोलताना त्याला सहा चेअरमन एकामागून एक रस्त्याला लागताना दिसले. पण बोलून झाल्यावर बरं वाटलं. वच्छलाबाईंनी किटलीचं झाकण लावलं आणि नाक वर करून गावाकडे बघितलं. ज्याने मोटर ऐकली होती तो माणूस तोवर कुठेतरी निघून गेला होता.

आबा मात्र दिलदार माणूस. त्यांनी आतून दोन खुर्च्या मागवल्या आणि आपल्या उजव्या हाताची खुर्ची वच्छलाबाईंना दिली. “थोरल्या माणसाची जागा उजवीकडं,” ते म्हणाले. “काकू, चुकलो. उद्या दसरा हाय. उद्याच्याला पाव्हणे येतील तवा मशिन तुमच्याच हातानं चालू करायचं. वायरी तुम्ही लावायच्या.”

“मला कुठं कळतंय त्यातलं?” वच्छलाबाई म्हणाल्या, पण खुर्चीत जरा सावरून बसल्या.

भांडल्या त्या एकट्या गिताबाई. “म्हंजी माझ्या गाईला चौदा फॅट न्हाई?”

“न्हाई, काकी,” सिद्दीक म्हणाला. “चौदा लिटर दूध, फॅट तीन पॉइंट आठ.”

“आन् पावतीवर लिटर किती लागलंत?”

“तीन पॉइंट आठ.”

गिताबाईंना सकाळपासूनच्या कौतुकात ही बाजू दिसलीच नव्हती. “मग माझं धा लिटर दूध गेलं कुठं?” असं म्हणून त्यांनी जो तोंडाचा पट्टा सोडला तो साहेबराव सकाळच्या सगळ्या पावत्या दुरुस्त करून संपवेपर्यंत चालू होता. कालवडीसाठी शब्द टाकलेले दोघे पाठीमागच्या दाराने गेले.

सिद्दीकने त्या दिवशी दुपारी बसून पाच महिन्यांपूर्वीच्या त्या चार ओळी लिहिल्या. कन्व्हर्टर दिसायला जुळे असले तरी भोकं दोन वेगळी होती. नियम साधा केला. जो उजव्या भोकात येईल तो काटा, जो डाव्या भोकात येईल तो फॅट. आधी कोण आला आणि मागून कोण आला ह्याच्याशी आता लिनक्सला कर्तव्य नाही. त्याने वायरी काढून-घालून वीस वेळा बघितलं. आधी फॅट, मग काटा. आधी काटा, मग फॅट. आकडे जागचे हलले नाहीत. आणि आकडे हलले नाहीत तशी सकाळी बसलेली छाती हळूहळू पुन्हा फुगायला लागली.

“आप्पा, आता कवाबी लावा, कशाबी लावा,” तो म्हणाला. “थोरल्याला आधी मान द्या न्हाईतर धाकट्याला द्या. आता हे मशिन चुकणार न्हाई. लिहून देतो.”

“न्हाई, तू म्हणतो तर खरंच असंल,” साहेबराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सिद्दीक नवीन शर्ट घालून निघाला. आबांनी पाहुण्यांना नको म्हणून कळवलं नव्हतं. उलट चूक कबूल करणारा कॉम्प्युटरवाला आपण पहिल्यांदाच बघितला, असं ते सगळ्यांना सांगत होते. खिशात आपट्याची पानं घेऊन सिद्दीक खड्डे चुकवत, गुणगुणत चालला होता. न्हावऱ्यात चहाला थांबला आणि फोन वाजला. नंबर साहेबरावांचा, आवाज वच्छलाबाईंचा. मागे बरीच माणसं एकदम बोलत होती.

“सिद्दीक, कुठं हायस रं?”

“आलोच मावशी. मशिन चालू केलं का?”

“केलं की. सा पाव्हणे समोर बसलेले. मी पयल्यांदा लाल दोऱ्याची लावली, तू सांगितलं व्हतं तशी.”

“कशीबी चालते आता.”

“व्हय, साहेबराव तसंच म्हणला. म्हणून मी म्हणलं, मग मान तरी नीट ठिवावा. थोरल्या मशिनची वायर उजव्या भोकात बसवली, काट्याची डाव्या.”

सिद्दीकच्या हातातला चहा जागच्या जागी थांबला. नवीन शर्टावर त्यातला थोडा सांडलाही, पण ते त्याला संध्याकाळी कळलं.

“मावशी,” त्याने कसंबसं विचारलं, “तुमची पावती किती आली?”

“कालच्यासारखीच. आठ लिटर. पर तू माझी काळजी करू नगंस, मला आज कुणी चकार शब्द बोललं न्हाई.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “फकस्त तू आलास म्हंजी संस्थेकडं जाऊ नगं, सरळ माझ्या घरी ये. हितं समदी म्हणत्यात, दुधात पाणी सिद्दीकच घालतोय.”